शेंगोळ्यातली गोळी

आमच्या अण्णांचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठच्या आमच्या गावात दूध संकलनाचं केंद्र अण्णांकडे होतं, आणि ते आमच्या घराच्या पुढच्या पडवीतच भरायचं. सकाळी आम्ही जागे व्हायचो ते कॅनच्या खणखणाटाने. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. अण्णा प्रत्येकाचं दूध आधी नाकाशी न्यायचे, मग थेंबभर अंगठ्याच्या नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघायचे, आणि लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायच्या आधीच सांगायचे, "पाव्हनं, म्हशीला कमी आन दुधाला जास्त पानी पाजलं काय आज?" रांगेत हशा पिकायचा आणि ज्याला विचारलं तो किटलीकडे बघत राहायचा. पुढे डेअरीने फॅट मोजायचं विजेचं मशीन दिलं, तरी अण्णांनी नाक सोडलं नाही. "मशीनला फशिवता येतं," ते म्हणायचे. संशय घेणं हे आमच्या घरचं कसब होतं. त्यावर आमची शाळा, कपडे, सणवार चालायचे, आणि गाव त्यासाठी अण्णांना मान द्यायचं. म्हणूनच तो संशय कामाची हद्द ओलांडून घरात कधी शिरला, हे आम्हाला कुणाला कळलं नाही.

मी तेव्हा बारावीला होते. थोरल्या ताईला स्थळं बघणं चालू होतं. एके दिवशी अण्णांनी चहाचा कप तोंडाला लावण्याआधी नाकाला लावला. आई हसली, म्हणाली, "चहालाबी डिग्री लावता का?" अण्णा हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिण्याच्या पाण्याचा वेगळा कॅन भरून त्याला कुलूप लावलं. मग ते जेवायला बसण्याआधी पडवीतून कान देऊन स्वयंपाकघरातले आवाज ऐकायला लागले. आमच्या फळीवर पितळी आणि स्टीलचे डबे होते, प्रत्येकाच्या झाकणाचा आवाज वेगळा. ताट समोर आलं की विचारायचे, "मिठाच्या डब्यानंतर कोनता डबा उघडला? आन परत मिठाचा का उघडला?" आईला सुरुवातीला बरंच वाटलं असावं, नवरा इतक्या वर्षांनी स्वयंपाकाकडे लक्ष द्यायला लागला म्हणून. मग ते मला पहिला घास खायला लावू लागले. मग ऐन वेळी ताटं बदलू लागले. मग बाजरीची भाकरी मधोमध फाडून उजेडात धरून बघू लागले. अण्णांचे गाल बसले, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. आईला ते एकदाच म्हणाले, अगदी हळू आवाजात, "तुला कुनी शिकवलं ते सांग. तुझ्यावर माझा राग न्हाई." आई त्या दिवशी आमच्यासमोर रडली नाही. मागच्या अंगणात जाऊन तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

अण्णांचं म्हणणं असं होतं की, डेअरीतले दोघे आणि भावकीतले काही मिळून त्यांना केंद्रावरून काढायला बघताहेत, त्यासाठी अन्नात थोडं थोडं काहीतरी घातलं जातंय. यातली पहिली गोष्ट थोडी खरीच होती. केंद्र आपल्याकडे यावं असं गावात दोघातिघांना वाटत होतं. त्यामुळे ऐकणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, "सावध राहिलेलं बरं." आज मी शाळेत शिकवते, केसांत पांढरं आलंय, आणि अजून मला वाटतं की, त्या दिवसांत अण्णांचं सगळंच खोटं असतं तर आम्हाला आधी कळलं असतं.

घरात त्या प्रकाराला नाव नव्हतं. 'वेड' हा शब्द कुणी उच्चारला नाही. माझे मामा नेवाशात सायकलचं दुकान चालवायचे. आईने त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी अण्णांकडे दहा मिनिटं पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाहेरचं हाय हे." मग एका देवऋष्याकडे अण्णांचा सदरा घेऊन गेले. त्याने तांदूळ टाकून सांगितलं, तुमच्या डाव्या भिंतीपलीकडच्या बाईनं केलंय. डाव्या भिंतीपलीकडे भामाकाकू राहायची. अण्णांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे आईची जाऊ. बांधावरून झालेल्या भांडणापासून दोघी पाच वर्षं बोलत नव्हत्या. तिला मूलबाळ नव्हतं, ती फारशी कुणाकडे जायची नाही आणि महिन्यातून एकदा एकटीच एस. टी.ने नगरला जायची. विचारलं तर सांगायची, "दात दाखवायला." पाच-सहा वर्षं चाललेले दात! आईला एवढं पुरेसं होतं. तिने आणि ताईने त्या भिंतीच्या कडेने खणलं आणि त्यांना एक गंजका खिळा आणि केसांचा गुंता सापडला. कुठल्याही जुन्या भिंतीशी खणलं असतं तरी तेवढं सापडलं असतं. आईने मात्र ते चिमट्यात धरून लिंबासकट नदीत सोडलं आणि त्या दिवसापासून भामाकाकू अंगणात दिसली की ती आम्हाला आत ओढायला लागली.

मामांनी आम्हा दोघी बहिणींना बसवून बजावलं. "कोनी इचारलं तर पित्त झालंय म्हनायचं. बापाचं डोकं फिरलंय हे एकदा बाहेर गेलं तर ताईला कोन करून घेनार? आन तुला तर नगच." मी सगळ्यांना पित्त सांगितलं. मैत्रिणींना, दुकानदाराला, वर्गशिक्षकांना. इतक्यांदा सांगितलं की मला स्वतःला ते पटायला लागलं.

आणि मग एका सकाळी अण्णांनी गावाचं दूध ओतून दिलं. रांग संपली होती, कॅन भरले होते, टेम्पो यायचा होता. अण्णांनी शेवटच्या कॅनचं झाकण काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. एकामागून एक कॅन त्यांनी आडवे केले. दूध पडवीतून ओट्यावर, ओट्यावरून रस्त्यावर आलं आणि भामाकाकूच्या दारापर्यंत वाहत गेलं. माणसं रिकाम्या किटल्या हातात घेऊन बघत राहिली. अण्णा ओरडत नव्हते. हात जोडून सांगत होते, "प्यायचं न्हाई कुनी. इख हाय. शहरातली ल्हान पोरं मरतील वो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई पुढे झाली आणि तिने मोठ्याने सांगितलं, "पाल पडली हुती दुधात!" आणि लोकांनी ते मानलं. उलट चार जण म्हणाले, असा प्रामाणिक माणूस मिळणार नाही. मी भिंतीशी उभी होते. आपली आई इतकं सहज खोटं बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं आणि तिच्याबद्दलही मनात काहीतरी टोचायला लागलं.

त्यानंतर मामांनी मोबाईलवरून कुणाकुणाला 'दुसऱ्या एका माणसासाठी' म्हणून विचारलं आणि नगरच्या एका डॉक्टरांचा पत्ता काढला. अण्णांना सांगितलं, शुगर तपासायची आहे. आईने मला बरोबर घेतलं, कारण अण्णा माझ्या हातचं पाणी तरी प्यायचे. आम्ही भाड्याची जीप केली आणि गावातून न जाता बांधाच्या रस्त्याने निघालो. दवाखान्याच्या पाटीवर 'मानसिक आजार' एवढेच शब्द आईने वाचले आणि पदर कपाळाखाली ओढला. मामा म्हणाले, "मागून जिना हाय." मागच्या जिन्याने चोरासारखे आम्ही वर गेलो आणि बाकावर बसलो. समोर कोपऱ्यात एक बाई पदराने तोंड झाकून बसली होती. मी तिच्या मनगटावरचं गोंदण बघितलं आणि आईच्या कोपराला हात लावला. भामाकाकू होती.

ती आधी उठून जायला निघाली. मग तिच्या लक्षात आलं की आम्हीही त्याच बाकांवर बसलोय. ती आईजवळ आली, पाच वर्षांत पहिल्यांदा. "आक्का, तुमी मला बघितलं न्हाई. मी तुमाला न्हाई."

आई म्हणाली, "तुझं काय दुखतंय?"

"काय न्हाई दुखत. तेच तर. काय न्हाई दुखत आन सकाळी उठवत न्हाई. छातीत धडधडतं. रडू येतं. मूल न्हाई म्हनून नाटकं करती म्हनत्याल लोक, म्हनून दात सांगते." मग तिने अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीशी उभे राहून तिथल्या पाण्याच्या फिल्टरचा वास घेत होते. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर चांगला हाय. ऐकून घेतो."

एखाद्या गोष्टीत इथे दोघी जावा गळ्यात पडल्या असत्या. परतताना जीपमध्ये आई म्हणाली, "आपल्यालाच बघायला आली हुती ती. कुनीतरी कळवलं तिला." पुढचा महिनाभर आई गावात बातमी फुटायची वाट बघत होती आणि भामाकाकूही तेच करत असावी. भिंतीच्या दोन बाजूंना दोघी कपडे वाळत घालता घालता एकमेकींच्या दारात कोण येतंय ते बघायच्या. बातमी फुटली नाही. मला वाटतं, त्या न फुटलेल्या बातमीने हळूहळू दोघींना जवळ आणलं. पुढे दोघी एकाच एस. टी.ने नगरला जायला लागल्या, आधी पुढे-मागे बसून आणि मग शेजारी.

डॉक्टर त्या दिवशी अण्णांशी व्हरांड्यात उभं राहून बोलले होते, कारण अण्णा खोलीत यायला तयार नव्हते. दुधातली भेसळ कशी ओळखायची, हे त्यांनी अर्धा तास अण्णांकडून ऐकून घेतलं. नंतर आम्हाला आत बोलावून म्हणाले, "आजार आहे. औषधाने उतार पडेल, वेळ लागेल. पण त्यांना सांगून द्या. लपवून देऊ नका." जिन्यावरच मामा म्हणाले, "सांगून? ह्याला? मंग झालंच." आणि गोळी कुणी द्यायची तर मी, असं ठरलं. माझ्यावर संशय सगळ्यात कमी म्हणून. मला कुणी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. आज माझ्या शाळेतली एखादी मुलगी असं काही सांगायला आली, तर मी तिच्या घरी जाऊन भांडेन.

गोळी कडू होती. चहात कळली असती, वरणात कळली असती. शेंगोळ्यांत कळत नसे. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळून लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवली की घरभर असा वास सुटायचा की त्याखाली काहीही दडून जावं. आई आता दिवसाआड शेंगोळे करायची, मधल्या दिवशी लसणाचा तसाच झणझणीत, पातळ झिरका. आधी माझ्या ताटात वाढायचं, मी घास घ्यायचा, मग अण्णांच्या वाटीवर वरचा रस्सा घालायचा. तो रस्सा वेगळ्या पळीतला असे. ताट बदललं तर काय करायचं तेही मामांनी शिकवून ठेवलं होतं: ठसका लागल्याचं सोंग करून वाटी सांडायची. अण्णा रस्सा नाकाशी न्यायचे, माझ्याकडे बघायचे आणि खायचे. त्यांच्या त्या बघण्याची मला भीती वाटायची. ज्या माणसाला सगळे सांगत होते की तुझ्या अन्नात कुणी काही घालत नाही, त्याच्या अन्नात मी रोज काहीतरी घालत होते.

तीनेक आठवड्यांत अण्णा दुपारचे झोपायला लागले. डब्यांचे प्रश्न कमी झाले. मामा म्हणाले गोळीनं झालं, आई म्हणाली खिळा निघाला म्हणून झालं. ताईची सोयरीक जमत आली.

एका दुपारी आई आणि ताई मळ्यात गेल्या होत्या. अण्णा पडवीत झोपलेत असं समजून मी पोळपाटावर कागद घेऊन त्यात गोळी ठेवली आणि वाटीच्या बुडाने ती चिरडायला लागले. करकर असा बारीक आवाज झाला. मान वर केली तर अण्णा दारात उभे होते.

"ह्यो आवाज सैपाकाचा न्हाई," ते म्हणाले.

मी कागद मुठीत धरला. ते खाली बसले, माझी मूठ हळूच उघडली, पूड नाकाशी नेली, जिभेला लावली.

"कवापास्नं?"

"वीस-बावीस दिवस झाले."

"आईला म्हाईत हाय?"

"हाय."

"मामाला?"

"त्यांनीच सांगितलं."

अण्णा उंबऱ्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "म्हंजी मी म्हनत हुतो ते खरं हुतं."

मी म्हटलं, "खरं हुतं अण्णा. पण विष नाही. औषध आहे. नगरच्या डॉक्टरांनी दिलंय. तुम्हाला आजार आहे."

"औषध हाय तर चोरून कशापायी?"

मी पोळपाट बाजूला सारला.

"औषध हाय ना? मंग तू खा."

मी डब्यामागून पाकीट काढलं, एक अख्खी गोळी घेतली आणि त्यांच्या कुलपाच्या कॅनमधलं पाणी मागितलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, पेला भरून दिला. मी गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. माझ्या पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा मी घाबरले. गोळीला नव्हे. हिला विष चढलं असं त्यांना वाटलं तर काय, याला. "झोप येते तिनं," असं काहीतरी बोलल्याचं आठवतं. पुढचं नाही.

जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती. माझ्या नाकाखाली काहीतरी होतं. अण्णांचं बोट. श्वास चालू आहे का ते बघत होते. आई दारात बसलेली, डोळे सुजलेले. तिला त्यांनी जवळ येऊ दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी आणि त्या सकाळी केंद्र उघडलंच नाही, लोक कडी वाजवून परत गेले, हे मला नंतर कळलं.

"जित्ती हाय," अण्णा आईला म्हणाले. मग मला विचारलं, "तोंड कोरडं पडलं का?"

"पडलं."

"हात जड?"

"हो."

"मलाबी तसंच व्हतंय. मला वाटलं, इखानंच व्हतंय." त्यांनी कपाळ चोळलं. "आदी सांगितलं आसतं तर निदान ते तरी कळलं आसतं."

त्या दिवसापासून शेंगोळ्यांत काही पडलं नाही. मी गोळी उघड्या तळहातावर ठेवायची, अण्णा ती उलटीपालटी करून बघायचे, कधी घ्यायचे, कधी म्हणायचे, "आज न्हाई, आज रंग येगळा दिसतोय," आणि मी ती परत पाकिटात ठेवायची. पुढे काय झालं ते सांगून टाकते. आजार गेला नाही. उतरला, दोनदा पुन्हा चढला, पण दूध पुन्हा कधी ओतलं गेलं नाही, आणि अण्णा त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत केंद्रावर बसले. ताईचं लग्न झालं. तिच्या सासरी यातलं काही आजही माहीत नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "लिही. पण नावं बदल." मी बदलली आहेत. तरी तिची मुलगी यंदा लग्नाची आहे, आणि ताईने दोनदा विचारलंय की हे पुस्तक नेवाशात मिळणार आहे का.

सांगायचं राहिलं ते दुसऱ्या फेरीचं. गोळ्या संपत आल्या तेव्हा अण्णा आपणहून म्हणाले, "त्या डाक्टरला मला भेटायचंय." या वेळी ते मागच्या जिन्याने यायला तयार झाले नाहीत. रस्त्यावर उभं राहून त्यांनी पाटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. मामा दहा पावलं लांब जाऊन एका दुकानात काहीतरी बघत असल्यासारखे उभे राहिले. आत खुर्चीवर बसून अण्णांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, गोळीत काय असतं, कुठे बनते, किती दिवस घ्यायची, मधेच सोडली तर काय होतं. डॉक्टरांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणावर विश्वास आहे तुमचा?"

अण्णांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घाई केली नाही.

"इस्वास कुनावरच न्हाई," ते म्हणाले. "पन हिच्यावर जरा कमी संशय हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. अण्णांनी हात पुढे करून कागद मागून घेतला. अक्षर वाचता येण्यासारखं नव्हतंच, तरी ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत बघितला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "तुझ्याकडं ठिव," म्हणाले. "आईला दिऊ नगस."

आई शेजारीच बसली होती. तिने ऐकलं, आणि मान हलवली.